ठकीचा घास

"...म्हणजे मेलेल्या माणसाला दिलेला शब्द परत घेता येतो की नाही? एवढंच सांगा. बाकी कीर्तन नको."

भैरवगिरी गोसावी तांदूळ निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "बस."

"बसायला नाही आलो."

"मग मांजरीला तरी खाली ठेव. उन्हात धरलीयस."

मुरलीधर कानवडेने टोपली मठाच्या पायरीवर, सावलीत ठेवली. साखर कारखान्याच्या गेटवर हयातभर घोषणा दिलेला हा माणूस. देव, बुवा, चेअरमन आणि लेबर ऑफिसर या चौघांशी त्याचं कधी पटलं नाही. प्रवरेच्या घाटावरच्या या मठात तो एकदाच आला होता, तोही बायकोच्या, सिंधूच्या दहाव्याला.

टोपलीत सिंधूच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर ठकी पडली होती. एकेकाळची पिवळीधमक, गुबगुबीत मांजर. आता नुसती कातडी आणि हाडं. डोळे उघडे होते, पण कशावर लागलेले नव्हते.

"शब्द कुणाला दिला होतास?"

"सिंधूला. इथंच, तुमच्या डोळ्यांदेखत. विसरलात?"

गोसावी विसरले नव्हते. पिंड मांडला आणि कावळा शिवेना. पिंपळावर ही गर्दी, खाली एक उतरेल तर शपथ. भाऊबंद पुढे येऊन एकेक कबूल करत होते. सासरी गेलेल्या मुलीला अंतर देणार नाही. घर विकणार नाही. वर्षश्राद्ध चुकवणार नाही... ऊन डोक्यावर आलं. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले. तोवर लांब उभा राहून थोतांड थोतांड म्हणणारा मुरलीधर पुढे आला, हात जोडले आणि म्हणाला, "ठकीला मी मरू देणार नाही."

कावळा झपकन उतरला.

गावाने ही गोष्ट डोळे पुसत चार ठिकाणी सांगितली. नास्तिक असला तरी बायकोचा जीव कशात अडकला होता ते त्यालाच कळलं, म्हणाले. आता तीच माणसं म्हणतात, मांजरच तर आहे, सोडा की. आमदाराच्या कुत्र्याच्या वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लावणारं गाव हे.

"सांभाळीन म्हणालो असतो तर आज सुटलो असतो," मुरलीधर म्हणाला. "मरू देणार नाही म्हणालो. करारातला शब्द न् शब्द तपासून सही करणारा माणूस मी. आणि तिथं..."

"डॉक्टर काय म्हणतो?"

"मूत्रपिंडं गेली म्हणतो. खात नाही, पीत नाही. मी सलाईन लावतो. पेज पातळ करून सिरिंजनं तोंडात घालतो. संध्याकाळ झाली की फरफटत मागच्या दाराशी जाते."

"मग?"

"कडी लावतो."

"का?"

"मांजर मरायला लांब जातं. तुम्हाला ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे."

"मग जाऊ देऊ?" त्याचा आवाज चढला. "आईनं पिल्लांना सात घरं फिरवली, त्यात हिला आमच्याकडे विसरली. सिंधूनं कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून जगवली. सिंधू हाक मारायची तशी मला मारता येत नाही. ती हाक आता आमच्या घरात फक्त हिला ठाऊक आहे. ही गेली की सिंधूचं उरलं काय? सांगा ना. बोला."

गोसावी सूप बाजूला ठेवून उठले. आत जाऊन मूठभर भात घेऊन आले. गोळा वळला. ज्या दगडावर सिंधूचा पिंड ठेवला होता, त्याच दगडावर ठेवला.

"विचार सिंधूला. सोड म्हणावं शब्दातून."

"मी हे मानत नाही."

"शब्द देताना मानलंस. परत मागताना लाज वाटते?"

मुरलीधर उभा राहिला. हात जोडले गेले. ओठ हलले, पण शब्द फुटेना...

कावळा उतरला. गोळ्यावर चोच मारली, अर्धा उचलून पिंपळावर गेला.

"मी अजून काही बोललोच नव्हतो."

"त्याला भूक लागली होती."

"आणि त्या दिवशी?"

गोसावी पुन्हा सूप घेऊन बसले.

"बाबा, त्या दिवशी?"

"त्या दिवशी सकाळपासून घाटावर बरेच दहावे होते. कावळ्यांची पोटं भरलेली. ऊन चढलं, पुन्हा लागली."

हेच तर तो जन्मभर ओरडून सांगत आला होता. भर सभेत सांगितलं होतं, सासऱ्याच्या तोंडावर सांगितलं होतं. आज ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि तो पायरीवर बसला.

"म्हणजे तिनं ऐकलंच नाही."

गोसाव्यांनी तांदळातला खडा वेचून बाजूला टाकला.

"मग वर्षभर मी कुणाशी बोलत होतो? रोज सांगतो तिला. आज ठकीनं एवढं खाल्लं, आज एवढं. कुणाला सांगत होतो?"

नदीला पाणी नव्हतं. पलीकडच्या वाळूत ट्रॅक्टर घरघरत होता.

पेज द्यायची वेळ झाली होती. डोक्यात काही नसलं तरी हातांना सवय होती. त्याने पिशवीतून पेजेने भरलेली सिरिंज काढली, ठकीचा जबडा दाबला. तिने मान फिरवली. पेज ओठांच्या कडेने ओघळून लुगड्यावर आली.

"पूर्वी ओरबाडायची," तो म्हणाला. "हे बघा, मनगटावर. आता तेही करत नाही."

गोसाव्यांनी हात पुढे केला.

मुरलीधरने सिरिंज मुठीत धरून ठेवली. गोसावीही हात तसाच पुढे धरून राहिले. सावली पायरीवरून सरकून टोपलीच्या कडेला आली, तेव्हा त्याने मूठ सोडली.

गोसावी दगडाशी गेले. उरलेल्या भाताशेजारी सिरिंजमधली सगळी पेज दाबून सोडली.

"हा ठकीचा."

"ती जिवंत आहे, बाबा."

"हो."

पिंपळावर पानं हलली. कावळा आला, भाताकडे बघितलंही नाही, पेजेत चोच बुडवली.

मुरलीधर कोरडं हसला. डोळे पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"त्याला भूक लागली होती," तो म्हणाला.

"हो," गोसावी म्हणाले. "पण ठकीनं तुझ्याकडून काही कबूल करून घेतलं नाही."