दाराबाहेरचा नारळ

मोठा माणूस लहान गोष्टीला हसू लागला की आपण जरा लांब उभं राहावं, हे आम्ही अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात शिकलो. आमच्या भट्टीत वितळलेल्या रसावर कार्बनचे माणसाएवढे ठोकळे टांगतात आणि त्यांतून वीज आत सोडतात. संचालक बेहेरेसाहेबांनी स्वस्तातला माल आणून नवे ठोकळे करवले. प्रयोगशाळेच्या प्रमुख मृणालताई खांडेपारकर यांनी त्यातला बोटभर तुकडा कापून तापवला, तर त्याला भेग पडली.

"हे ठोकळे भट्टीत उतरवू नका," त्या म्हणाल्या. "तुटून रसात पडले, तर शेजारची माणसं भाजतील."

साहेब हसले. "बाई, बोटभर तुकड्याची भेग ती! एवढ्या मोठ्या भट्टीचं काय वाकडं करणार? उद्याच उद्घाटन."

दुसऱ्या दिवशी सगळे भट्टीपाशी जमले. आमच्याकडे उद्घाटनाचा नारळ नेहमी दाराबाहेर फोडतात. मृणालताईंनी तो आत आणला आणि साहेबांच्या हातात ठेवला.

"इथेच फोडा, साहेब. भट्टीच्या काठावर."

साहेब झटकन मागे सरले. "वेड लागलंय का तुम्हाला? यात पाणी आहे! रसात गेलं तर स्फोट होईल, सगळे मरू!"

"वाटीभर तर पाणी, साहेब. एवढ्या मोठ्या भट्टीचं काय वाकडं करणार?"

कुणी हसलं नाही. साहेबांनी नव्या ठोकळ्यांकडे पाहिलं, मग त्यांच्याशेजारी उभ्या असलेल्या माणसांकडे.

नारळ त्यांनी दोन्ही हातांनी परत दिला. त्या दिवशी तो दाराबाहेरही फुटला नाही.