गास्पारची चिठ्ठी

“आंधळ्याचा हात धरून त्याला नीट वाटेला लावलं, तर त्यात पाप कसलं, फादर?”

म्हातारे फादर ओनोरात लसूण सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा एतिएन त्यांचाच जुना शिष्य, आता गावच्या शाळेत मास्तर. फ्रान्सचा राजा पळून गेला होता आणि त्या वसंतात गरिबांच्या हातीही पहिल्यांदाच मत आलं होतं. प्रार्थना आटोपून गावातले सगळे पुरुष ढोल वाजवत मत द्यायला शहरात गेले. बहुतेकांना लिहिता येत नव्हतं. ज्याला निवडायचं त्याचं नाव घालून त्यांच्या मताच्या चिठ्ठ्या एतिएननं लिहून दिल्या; मास्तरांची छाती त्या दिवशी चांगलीच फुगली होती.

“कोण आंधळा?” फादरनी विचारलं.

“गास्पार मेंढपाळ. जमीनदाराचं नाव लिहा म्हणाला. ज्यानं जन्मभर राबवून घेतलं, त्याचं! मी... आपल्या वकिलाचं लिहिलं. गरिबांसाठी तुरुंगात गेलेला माणूस तो.”

“मग?”

“वाटेत कुणीतरी त्याला म्हणालं, चिठ्ठी एकदा दुसऱ्याकडून वाचून घे. तर म्हणाला, कशाला? मास्तरांनी लिहिलीय.”

एतिएन लसणाची एक साल बोटांत चुरगळू लागला.

“पेटीत चिठ्ठी टाकताना रडला तो, फादर. आपल्यालाही कुणी विचारलं म्हणून...”

तेव्हापासून मास्तर गास्पारचं घर टाळून लांबच्या वाटेनं शाळेत जात होते.

“पण मी त्याच्या भल्यासाठीच केलं!”

फादरनी लसूण बाजूला सारला. कागद पुढे केला.

“मला आता अक्षर दिसत नाही. लिहून दे. मेल्यावर मला मेंढपाळांच्या कबरींशेजारी पुरा.”

“तिकडे? कुरणाच्या चिखलात? तुमची जागा मठाच्या आवारात आहे, फादर! लोक काय म्हणतील?”

“लिही.”

एतिएननं टाक शाईत बुडवला. टाक हवेतच राहिला... आताही त्याच्या हाताला दुसरंच लिहायचं होतं. ते ध्यानात येताच त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की कान तापले. मग फादरनी सांगितलं तेच त्यानं लिहिलं, अक्षरन् अक्षर.

“फादर, ही कुणाकडून तरी वाचून घ्या,” तो खाली बघत म्हणाला. “माझ्यावर विसंबू नका.”

फादरनी चिठ्ठीची घडी घातली आणि झग्याच्या आत, छातीशी ठेवली.

“कशाला? तू लिहिलीस ना.”