टिटवीची जागा

त्या राज्यात न्याय तीन उंचींवर बसत असे. गरुड कड्यावर, घुबड वडाच्या फांदीवर आणि टिटवी उघड्या माळावर. कुठलंही भांडण आधी माळावर यायचं. टिटवीचा निकाल पटला नाही तर फांदीवर जायचं, तिथंही पटलं नाही तर कड्यावर. वरचे सगळे टिटवीला 'खालची' म्हणत. ती ऐकून घेई. तिचे पाय फांदी धरण्यासाठी घडलेलेच नव्हते.

एका उन्हाळ्यात सायाळ तिच्याकडे आली. तिच्या बिळावर रानडुकरानं हक्क सांगितला होता. बिळात तिची दोन पिल्लं होती, आणि बाहेर माळ असा तापला होता की नवं बीळ खोदायला कुठं मऊ माती उरली नव्हती.

सुनावणीच्या आधीच फांदीवरून कोतवाल पक्षी उतरला. "टिटवीबाई, घुबडसाहेबांना वाटतं, बीळ डुकराचंच असावं. उगाच उन्हात कशाला हिंडता?"

"साहेबांना माझा निकाल मोडता येतो," टिटवी म्हणाली. "मोडू देत की. पण मी दिल्यावर. तोवर तो माझा आहे."

"बघा हं. दलदलीपलीकडंही माळ आहेत. तिकडं धाडतील."

"तिकडंही जमीनच असेल ना?"

मग ती बिळापाशी गेली आणि मानेपर्यंत आत वाकली. छताला काट्यांचे ओरखडे होते. पुढं एक अरुंद वळण होतं.

"मामा, जरा आत जाऊन दाखवता?" तिनं डुकराला विचारलं.

"खोदलं तेव्हा मी बारीक होतो," डुक्कर म्हणाला. सगळा माळ हसला. निकाल सायाळीच्या बाजूनं लागला.

डुक्कर फांदीखाली गेला. घुबडानं माळ कधी पाहिला नव्हता. त्याला ऐकू मात्र छान येई, आणि डुकराचा आवाज मोठा होता. निकाल उलटला.

सायाळीला कडा चढता येईना. ती पायथ्याशी उभी राहून काटे खडखडवत राहिली. कड्यावर कुणाला दुसरं काही ऐकू येईना, तेव्हा गरुडानं कोतवालाकडून टिटवीला निरोप पाठवला : वर ये, आणि काय पाहिलंस ते सांग.

टिटवीनं कोतवालाकडंच उत्तर दिलं, "मी येईन, महाराज. पण बीळ वर येणार नाही."

कोतवालानं ते पुन्हा विचारून घेतलं. असा निरोप त्यानं कधी वर नेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी माळावर एक मोठी सावली उतरली. गरुडाला चालायची सवय नव्हती; त्याची नखं ढेकळांत अडकत होती. टिटवी पुढं, तो मागं. बिळाच्या तोंडाशी येऊन त्यानं मान झुकवली.

"नुसता अंधार दिसतो," तो म्हणाला.

"अजून खाली, महाराज."

गरुडानं छाती मातीला टेकवली. आतून चार बारीक डोळे त्याच्याकडे बघत होते.