नाचणीचा धोंडशेट

डोंगराच्या पायथ्याला असलेल्या एका गावात धोंडशेट नावाचा मधाचा व्यापारी राहत असे. वर पठारावर एक वाडी होती. तिथे जाण्याची हिंमत त्याच्याशिवाय कोणीच करत नसे. वाडीतले लोक नरभक्षक आहेत, माणूस मारून खातात, असे गावात सगळेच म्हणत.

हा शब्द बहिरू गुराख्याने आणला होता. एकदा चुकलेली म्हैस शोधत तो वर गेला. झुडपाआडून त्याने पाहिले, तर पानांवर एक माणूस आडवा ठेवलेला आणि वाडीतले लोक त्याचे तुकडे मोडून खात होते. तो धापा टाकत खाली आला. तेव्हापासून लेकरू जेवेना झाले, की आई म्हणे, "नरभक्षकांना देऊन टाकीन हं!" बाजारात कोणी अवाच्या सवा भाव सांगितला, तर लोक त्यालाही तेच नाव देत.

धोंडशेटला खरे ठाऊक होते. धुक्यात वाट चुकून तो एकदा वाडीत पोहोचला, तेव्हा त्यांनी त्याला पंगतीत बसवले होते. वाडीत कोणी वारले, की नाचणीच्या पिठात मध घालून त्या माणसाची मूर्ती करत आणि उकडत. मेलेल्याने ज्या अवयवाने ज्याला काही दिले, तो भाग त्याला खायला मिळे. जिने टोपली विणायला शिकवले, तिचा हात शिकणारीला. ज्याने खांद्यावर बसवून रान दाखवले, त्याचा खांदा नातवाला. बहिरूने पाहिले ते हेच.

पण धोंडशेट खाली येऊन हे बोलला नाही. उलट मिशीवर हात फिरवून म्हणाला, "मला मंत्र येतो, म्हणून वाचलो." दुसरा व्यापारी वर जाईना. मूठभर मिठाला घागरभर मध त्याला एकट्यालाच मिळू लागला.

एका वर्षी चैत्रातच गावाची विहीर आटली. वाडीजवळ बारमाही झरा होता. पाटलांनी चावडीवर माणसे जमवली.

"नरभक्षकांकडे कसले पाणी मागता? हुसकावून लावू त्यांना," पाटील म्हणाले. "धोंडशेट, वाट तुम्ही दाखवा."

धोंडशेटचा पाय नुकताच बरा झाला होता. महिन्यापूर्वी वाडीतून परतताना तो घसरला, पागोटे दरीत गेले आणि तो कसाबसा घरी पोहोचला होता. खरे सांगून टाकावे, असे त्याला वाटले. पण मग धंदा जाईल आणि अब्रूही जाईल. तो कुऱ्हाडी घेतलेल्या माणसांच्या पुढे चालू लागला.

वाडीत पंगत बसली होती. मधोमध पानांवर हातपाय नसलेला एक माणूस आडवा होता. त्याच्या डोक्याला धोंडशेटचे पागोटे होते.

"बघा! मी म्हणत नव्हतो?" बहिरू ओरडला. कुऱ्हाडी उचलल्या गेल्या.

वाडीतली म्हातारी बुधी मात्र धोंडशेटकडे बघत उठली.

"मेल्या, जिता हायेस व्हय! दरीत तुझं पागोटं घावलं. महिनाभर वाट बघितली नि आज तुझे दिवस घातले. साठवणीची नाचणी संपवलीस की रे!" डोळे पुसत तिने पान पुढे केले. "हात पोरांनी खाल्ले, मीठ आणायचे म्हणून. पाय मी खाल्ले, एवढा डोंगर चढायचे म्हणून. जीभ तेवढी कुणी घेईना बघ. तिनं आम्हाला काय दिलं, ते कुणालाच सांगता येईना."

धोंडशेटला ते सांगता येत होते. तो खाली बसला. मग पाटलांकडे वळून म्हणाला, "पाटील, हे पीठ आहे. खाऊन बघा. ही माणसे माणूस खात नाहीत, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. त्या शब्दावर माझे घर चालले, म्हणून मी गप्प बसलो. कुऱ्हाड घालायचीच तर माझ्यावर घाला."

पाटलांनी तुकडा मोडून तोंडात टाकला. बराच वेळ ते चघळत राहिले. "मध जरा जास्त झालाय," असे म्हणून त्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली.

"लांबून माणूसच दिसला हो," बहिरू पुटपुटला.

बुधीने झऱ्याची वाट मोकळी केली. गावाला पाणी मिळाले. पुढे इतर व्यापारीही वर जाऊ लागले आणि धोंडशेटचा धंदा बसला. गावात कित्येक दिवस कोणी त्याच्याशी धड बोलत नव्हते. बुधीने पागोटे मात्र धुऊन परत पाठवले.

बऱ्याच वर्षांनी धोंडशेट खरोखरच वारला. वाडीने पुन्हा पीठ मळले. या वेळी पंगतीला गावही होते. जिने शेवटी खरे सांगितले, ती जीभ मागणारे इतके निघाले, की बुधीच्या नातीला ती कणकण वाटावी लागली.

तात्पर्य: दुसऱ्यांना माणसांतून उठवणारा शब्द खोटा आहे, हे ठाऊक असूनही जो आपल्या फायद्यासाठी गप्प बसतो, माणसे खरे तर तोच खातो.