उपास सोडायची वेळ

"मग घरी सोडू ना, मॅडम?"

डॉ. यशोधन गद्रेने केसपेपर पुढे केला. कॅज्युअल्टीत दुपारची गर्दी होती, आणि आपल्या निदानाबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. शंका हा प्रकार त्याच्या वाट्याला एकूणच कमी आला होता.

हेबळे मॅडमनी केसपेपर घेतला नाही. विभाग त्यांच्या हाताखाली होता आणि शिकाऊ डॉक्टरांचे कागद त्या शेवटी बघत.

"कोणाला?"

"तीन नंबरच्या मुलीला. स्वरूपा. कॉलेजात चक्कर येऊन पडली. आज संकष्टीचा उपास, वर हे ऊन. साखर बरी आहे, हिमोग्लोबिन बरं आहे. पोटॅशियमचा रिपोर्ट तेवढा यायचाय."

"नाडी?"

"हळू आहे. पण रोज पळायला जाते म्हणे. पळणाऱ्यांची असतेच."

"हात?"

"गार आहेत... डोक्यावर पंखा आहे ना."

मॅडम सरळ तीन नंबरच्या खाटेकडे निघाल्या. ज्याच्याकडे उत्तर तयार असतं त्याच्यासमोर त्या गप्प राहत. यशोधनला ती शाबासकी वाटली.

खाटेशेजारी स्वरूपाची आई उभी होती. लेकीचं किती कौतुक करू असं तिला झालं होतं.

"अहो, संकष्टी, एकादशी, सोमवार, शनिवार... एक चुकवत नाही. या वयात कोण करतं एवढं?"

चैत्राच्या उन्हात पोरीने अंगात स्वेटर घातला होता. यशोधनने तो आत्ता पाहिला.

मॅडम त्याच्याकडे वळल्या. "तुमचाही उपास ना आज, डॉक्टर?"

"हो."

"चंद्रोदय कधी?"

त्याने मिनिटासकट सांगितलं.

"सोडताना काय?"

"उकडीचे मोदक. आईने सकाळीच नारळ खवून ठेवलाय. वालाचं बिरडं, वरणभात, वर तूप..." बोलता बोलता त्याच्या तोंडाला पाणी सुटलं आणि तो ओशाळला.

मॅडम खाटेच्या कडेला टेकल्या. "आणि तू गं, बाळा? तू काय खाणार?"

स्वरूपाने स्वेटरच्या बाह्या बोटांवर ओढल्या.

"तिला ना..." आईने सुरुवात केली. मॅडमनी नुसता हात वर केला.

"चंद्र उगवूच नये असं वाटतं," स्वरूपा म्हणाली. "उगवला की सगळे माझ्या ताटाकडे बघतात."

आईचा पदर तोंडाशी गेला.

कोणी न सांगता यशोधनने मुलीला हळूच उभं केलं आणि पुन्हा रक्तदाब घेतला. मघाशी ती आडवी असतानाच घेतला होता. उभी राहताच तो धाडकन उतरला आणि ती त्याच्या खांद्यावर कलंडली. तेवढ्यात रिपोर्टही आला. पोटॅशियम फारच कमी होतं. घरी पाठवली असती तर हे हृदय वाटेतच थांबलं असतं कदाचित. त्याला लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती.

"मॉनिटर लावा. दाखल करायचंय," मॅडम म्हणाल्या.

आता त्याला घाई सुटली. मॉनिटर लावला, साखरेचं सलाइन टांगलं, थेंबांचा वेग ठरवणारी चक्री पूर्ण उघडली. "काकू, घरून जेवण आणा. चांगलं पोटभर, गोडाधोडाचं!"

मॅडमनी अंगठ्याने चक्री बंद केली.

"मॅडम, ती उपाशी आहे! महिनोन् महिने उपाशी आहे!"

"म्हणूनच."

तो थबकला. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम अन्न मिळालं की रक्तातले क्षार कोसळतात आणि माणूस जातो. हे त्याने वाचलं होतं. परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते.

आधी थायमिनचं, म्हणजे बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन गेलं. पोटॅशियम थेंबाथेंबाने सुरू झालं. फॉस्फेट तपासायला रक्त गेलं, मानसोपचार विभागाला निरोप गेला. जेवण थोडं थोडं, ठरवून द्यायचं, असं मॅडमनी आईला दोनदा समजावलं. आई मान हलवत होती आणि रडत होती.

"मग आता मी काय करू?" यशोधनने विचारलं.

मॅडमनी पायाने स्टूल खाटेजवळ सरकवलं.

"सकाळपासून चंद्राची वाट बघताय ना, डॉक्टर?"

"हो..."

"मग बसा. हिचीही वाट बघा."