दुपारी तीनचा चहा

माळावर सौरप्रकल्प उभा राहिला आणि हिवरवाडीच्या पिकांना दिवसा पाणी मिळू लागलं, तेव्हापासून दूध डेअरी चालवणाऱ्या कौसाबाई रोज सूर्याला हात जोडायच्या. आता गावाला उरलेली वीज साठवून राज्याच्या ग्रिडला द्यायची होती, पण वीज कंपनीचे मुख्य अभियंता गुळवणीसाहेब काही केल्या राजी होईनात. बैठक भरली होती डेअरीतच.

“अहो, सूर्य संध्याकाळी घरी जातो, ढग आले की दिवसाही दडी मारतो,” तिसऱ्यांदा चहाचा कप उचलत साहेब म्हणाले. “असल्या लहरी गड्याच्या भरवशावर राज्य चालतं होय?”

कौसाबाईंनी विचारलं, “चहा बरा झालाय ना, साहेब?”

“फक्कड!”

“तीन वाजलेत. या वेळेला कुठली गाय दूध देते हो? हे सकाळचं साठवलेलं. आणि एखादी गाय आटली, तरी चाळीस घरांचं दूध येतंच. तुमचं ग्रिड म्हणजे तरी काय, मोठी डेअरीच की!”

साहेब कपाकडे बघतच राहिले. मग हसले आणि परवानगीवर सही केली.

“चहाबद्दल आभारी आहे, बाई,” ते निघताना म्हणाले.

“आभार आमच्या कपिलेचे माना,” कौसाबाई म्हणाल्या. “ती सकाळीच ड्यूटी संपवून रानात गेलीय.”