चित्र्याची मान

बैल आणि पाखरं एकमेकांशी बोलत त्या काळची गोष्ट. शर्यतीच्या चित्र्या बैलावर एका साळुंकीचा भारी जीव. त्याच्या मानेवर बसून ती साऱ्या पाखरांत मिरवायची. एके सकाळी तो तिला बांधामागे भांगेचा पाला चघळताना दिसला. पाखरांना कळलं तर? त्याचं पळणंच खोटं असलं तर?

नेहमीच्या जागी बसून तिनं भीतभीत विचारलं, "चित्र्या, या पाल्याच्या जोरावर पळतोस का रे?"

"पाल्यानं पाय जड होतात, बाई. शर्यत झाल्यावर खातो. मान ठणकते."

"मला कधी बोलला नाहीस."

"तू रोज तिथंच तर बसतेस."

साळुंकीनं पायांखाली पाहिलं. जुवानं कातडं सोललं होतं. ती चटकन उडाली. उद्या पुन्हा शर्यत होती, आणि चित्र्यानं जिंकावं की नाही, हेच तिला कळेना.